पेपर आधी तू उघड

"ताई, मी बातम्या वाचणंच बंद केलंय," असं तू परवा सहज म्हणून गेलीस. तेवढ्यात तुझ्याकडे कुणीतरी बेल वाजवली आणि विषय तिथंच राहिला. माझ्या मनातून मात्र तो जाईना. म्हणून आज हातातलं सगळं बाजूला ठेवून लिहायला बसलेय. चार पावसाळे तुझ्यापेक्षा जास्त पाहिलेत, एवढाच माझा अधिकार. पटलं तर घे.

तू का बंद केलंस ते मला ठाऊक आहे. २०२५ चा मे महिना मी विसरलेले नाही. २२ एप्रिलला पहलगामला सव्वीस माणसं मारली गेली. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. सुट्टीत बायकामुलांना घेऊन फिरायला गेलेली, तुझ्यामाझ्या घरातल्यासारखी माणसं. मग ७ मेच्या पहाटे भारतानं पाकिस्तानात हल्ले केले आणि १० तारखेच्या संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर होईपर्यंत तू रात्र रात्र फोन उशाशी धरून जागत होतीस. मध्यरात्री तुझे मेसेज यायचे. कराची बंदर उडवलं म्हणे. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार म्हणे, पैसे काढून ठेव.

आता शांतपणे मागे वळून बघ. कराची बंदराची बातमी वाहिन्यांनी ८ मेच्या रात्री छातीठोकपणे सांगितली. तसं काही घडलंच नव्हतं. एटीएमची अफवा सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला खोडून काढावी लागली. गुजरातमधल्या हजिरा बंदरावर हल्ला झाल्याचा म्हणून जो व्हिडिओ घरोघरी फिरला, तो २०२१ मधल्या एका तेलाच्या टँकरच्या स्फोटाचा निघाला. 'आर्मा ३' नावाच्या व्हिडिओ गेममधली दृश्यंसुद्धा खऱ्या लढाईची म्हणून फिरत होती. आणि ते भोंगे! स्टुडिओत माणसं बोलत असायची आणि मागे हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत असायचा. शेवटी नागरी संरक्षण विभागाला १० मे रोजी वाहिन्यांना कळवावं लागलं की कार्यक्रमांत हा आवाज वापरू नका. लोकांच्या कानाला त्याची सवय झाली, तर खरा भोंगा वाजेल तेव्हा कुणी जागचं हलणार नाही.

त्या रात्री तुझं काळीज धडधडत होतं, ते अगदी खरं होतं. पण एवढ्या जागरणात तुझ्या पदरात काय पडलं, सांग बघू. पहलगामनंतर दुसऱ्याच दिवशी भारतानं सिंधू पाणीवाटपाचा करार स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं होतं. हा करार १९६० चा. रावी, बियास आणि सतलज या पूर्वेकडच्या नद्या आपल्याकडे, सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेकडच्या नद्यांचं पाणी मुख्यतः पाकिस्तानकडे, अशी त्यातली वाटणी. १९६५, १९७१ आणि १९९९ या तिन्ही वेळी लढाई होऊनही तो टिकला होता. म्हणजे त्या पंधरवड्यातली ही किती मोठी गोष्ट होती! कोट्यवधी लोकांच्या शेतीशी, पिण्याच्या पाण्याशी जोडलेली. पण भोंग्यांच्या गदारोळात तुला ती कुणी समजावून सांगितली नाही. पाऊण तास शांत बसून एक चांगला लेख वाचला असतास, तर ती कळली असती. आणि झोपही लागली असती.

तुझी झोप उडवली ती बघण्यानं. शिक्षा मात्र तू वाचनाला दिलीस. मला खटकतंय ते एवढंच.

तुला आठवत नसेल, पण आपल्या घरी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या. सुधा नरवणे यांचा आवाज. ना चढ ना उतार, एकेक शब्द सुटा, स्वच्छ. चांगली बातमी असो की वाईट, त्या आवाजानं ऐकणाऱ्याला कधी घाबरवलं नाही की चिथावलं नाही. (त्यांचेच चिरंजीव मनोज नरवणे पुढे देशाचे लष्करप्रमुख झाले. लष्करातल्या माणसाच्या आईनं वर्षानुवर्षं इतक्या संयत स्वरात जगाच्या घडामोडी सांगाव्यात, याचं मला फार अप्रूप वाटतं.) दहा मिनिटांत बातम्या संपायच्या. संपायच्या, हे महत्त्वाचं. त्यानंतर बाबा दाढीला बसायचे, आई डब्याला लागायची आणि ऐकलेल्यावर विचार करायला दिवसभर मोकळा असायचा. तो काळ परत आण, असं मी म्हणत नाही. तेव्हा एकच आवाज होता आणि तो सरकारचा होता, हेही मला कळतं. पण शेवट असलेली बातमी निवडणं आजही आपल्या हातात आहे. छापील पेपर शेवटच्या पानावर संपतो. लेख संपतो. पुस्तक संपतं. बोटानं वर सरकवत राहायचा तो पडदा मात्र कधीच संपत नाही, आणि माणूस दमतो तो तिथं.

वाचायचं कसं, हेही सांगते. कांद्याचंच उदाहरण घे, ते आपल्या घरातलं आहे. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. लासलगाव, पिंपळगाव, चांदवडकडे शेतकरी रस्त्यावर आले, लिलाव बंद पडले. मग ४ मे २०२४ ला निर्यातबंदी उठली. लोकसभेची निवडणूक चालू होती आणि नाशिक-दिंडोरीचं मतदान २० मेला होतं. त्या दिवशीचा मथळा तूही वाचला असशील, 'निर्यातबंदी उठवली'. मथळा खरा होता. पण बातमी पूर्ण वाचली तर खाली लिहिलेलं होतं की टनाला किमान ५५० डॉलर भाव मिळाला तरच माल बाहेर जाईल, शिवाय त्यावर ४० टक्के निर्यातशुल्क भरावं लागेल. म्हणजे दार उघडलं, पण उंबरा कमरेइतका उंच ठेवला. किमान भावाची अट सप्टेंबर २०२४ मध्ये निघाली, शुल्क तेव्हा निम्म्यावर आलं आणि पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. दरम्यान दिंडोरीत केंद्रात मंत्री असलेल्या उमेदवाराचा पराभव झाला. वाहिन्यांवर त्या निकालाची तऱ्हेतऱ्हेची विश्लेषणं चालली होती. पण ज्यानं मथळ्याच्या खालचे दोन परिच्छेद महिनाभर आधी वाचले होते, त्याला निफाडचा शेतकरी का चिडलाय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

राजकारण वाचायचं ते असं. कोण कुणाला काय बोललं यात निम्मा पेपर भरलेला असतो. तो तू बिनदिक्कत सोडून दे. कुणी कुणाला गद्दार म्हटलं, कुणी कुणावर तोंडसुख घेतलं, हे आज नाही वाचलं तरी उद्या काही अडत नाही. निर्णय काय झाला, कोणत्या तारखेपासून, कुणाच्या खिशातून, कुणाच्या सहीनं, एवढं शोध. आणि बातमीत माणूस नावानिशी बोलतोय की 'सूत्रांकडून समजतं' एवढ्यावर भागवलंय, हे बघायची डोळ्याला सवय लाव. सूत्रांची बातमी खोटीच असते असं नाही, पण तिच्यावर जेवणाच्या टेबलावर भांडण करू नये. एक दिवस थांबावं. युद्धाच्या बातमीला तर दोन दिवस थांबावं. खरं असेल तर ते कुठं पळून जात नाही.

आता एक मनातलं बोलते. आपल्याकडे पेपर घरात आला की तो आधी कुणाच्या हातात जातो? आपल्या माहेरी पहिलं पान बाबांकडे, खेळाचं दादाकडे आणि रंगीत पुरवणी आईकडे. आईनं कधी अग्रलेख वाचला तर तो दुपारी, भांडी आवरल्यावर, चुरगळलेल्या पेपरात. पाहुणे आले आणि राजकारणावर बोलणं निघालं की बायका चहा टाकायला आत. हे कुणी ठरवून केलं नाही, पण होत गेलं. आणि आज तुझ्या घरीही थोड्याफार फरकानं तेच चालतं, हे मी दिवाळीत पाहिलंय. तुझे दीर आणि सासरे गाझावर बोलत होते, तू पोळ्या लाटत होतीस, आणि तुला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तू बोलली नाहीस. का गं?

या गप्प बसण्यावरून एक आठवलं. स्वेतलाना अलेक्सीयेविच या बेलारूसच्या लेखिकेला २०१५ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजेत लाखो स्त्रिया लढल्या होत्या, बंदूक घेऊन, रणगाड्यात बसून, विमान चालवून. युद्ध संपलं आणि त्या गप्प झाल्या, किंवा गप्प केल्या गेल्या. अलेक्सीयेविच वर्षानुवर्षं गावोगाव फिरून त्यांना भेटल्या, त्यांचं ऐकलं आणि १९८५ मध्ये पुस्तक आलं. त्यात एक प्रसंग आहे, तो वाचून मी पुस्तक मिटून बसून राहिले होते. लेखिका एका माजी सैनिक बाईला भेटायला जाते, तर आदल्या रात्री नवऱ्यानं बायकोला युद्धाच्या इतिहासाचं पुस्तक घेऊन शिकवलेलं असतं. नीट सांग, रडू नकोस, बायकी बारीकसारीक गोष्टी सांगत बसू नकोस. लढली ती. गोळ्या तिनं झेलल्या. आणि सांगायचं कसं हे तो शिकवणार! लेखिकेला हवं होतं ते नेमकं उलट. बुटांचं माप मोठं होतं, पुरुषांचे कपडे घालावे लागले, वेणी कापताना रडू आलं, मैत्रीण शेजारी कोसळली तेव्हा आकाश कसं होतं. युद्ध खरं तिथं कळतं. म्हणून तुला सांगते, सैन्याच्या हालचालींचे बाण दाखवणारा नकाशा बघ, पण तेवढ्यावर थांबू नकोस. त्या बाणाखाली कुणाचं स्वयंपाकघर आहे, हे ज्यानं लिहिलंय ते वाच. आणि ते वाचून तुला जे वाटतं ते हळवेपण म्हणून कुणी बाजूला सारलं, तर सारू देऊ नकोस.

तू विचारशील, एवढं वाचून फरक काय पडतो? दिल्ली आणि वॉशिंग्टन आपलं ऐकून चालतात थोडंच. खरंय. पण वाचनानं फरक पडल्याचं एक उदाहरण माझ्या मनात कायम असतं. १९६२ मध्ये बार्बरा टकमन या बाईंचं पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीवरचं पुस्तक आलं. कुणालाच इतकं मोठं युद्ध नको असताना, गैरसमज, घाई आणि मानापमान यांच्या मागे फरफटत युरोप १९१४ च्या ऑगस्टमध्ये त्यात कसा पडला, हे त्यात आहे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ते वाचलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात क्युबात रशियन क्षेपणास्त्रं आढळली आणि जग अणुयुद्धाच्या काठावर आलं. लष्करी सल्लागार हल्ला करा म्हणत होते. त्या तेरा दिवसांत केनेडींनी हे पुस्तक भावापाशी बोलून दाखवलं होतं. अशीच कथा आपल्यावर लिहिली जाऊ नये, असं त्यांना वाटत होतं. पुस्तकानं युद्ध टाळलं असा दावा मी करणार नाही. पण निर्णय घेणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या वेळी ते होतं, एवढं निश्चित. एका बाईनं शांतपणे बसून लिहिलेलं.

मराठीतही या वाटेवर चांगले वाटाडे आहेत. वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' आपल्या कपाटात होतं, जाडजूड, तुला आठवेल. एक सुसंस्कृत देश मतपेटीच्या वाटेनं जाऊन कसा हिटलरच्या हाती गेला, हे कळायला ते आजही उपयोगी आहे. गोविंद तळवलकरांचं 'सत्तांतर' वाच. आपल्याला स्वातंत्र्य आणि फाळणी शाळेत चार ओळींत शिकवली. तळवलकर ब्रिटिशांची कागदपत्रं समोर ठेवून एकेक बैठक, एकेक तार, एकेक चूक उलगडत जातात. रोजचा अग्रलेख लिहिणाऱ्या संपादकानं हे लिहिलंय, आणि म्हणूनच ते मला जास्त भावतं. रोजची बातमी लिहिणाऱ्यालाही चाळीस वर्षं मागचं नीट वाचल्याशिवाय आजचं कळत नाही, हे त्यातून दिसतं. वर्षाला असं एक पुस्तक पुरे. एकच घे, हळू वाच, शेजारी नकाशा ठेव. एका प्रश्नावर पाय रोवून उभी राहा. जगातल्या प्रत्येक लढाईवर तुझं मत असायला हवं, असा काही नियम नाही.

आणि दूरचं म्हणून सोडूही नकोस, कारण दूरचं दूर राहत नाही. पहिल्या महायुद्धात बगदादच्या खाली कुत इथं अडकलेल्या इंग्रजी फौजेचं नाव काय होतं माहीत आहे? सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिने वेढ्यात, उपासमारीत काढून २९ एप्रिल १९१६ ला ते तुर्कांना शरण गेले आणि कैदेत कित्येक मेले. साताऱ्याकडच्या अपशिंग्याला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, ते उगाच नाही. तिथल्या आजीबाईंना बसरा, मेसोपोटेमिया ही नावं पेपर न वाचता ठाऊक होती. आजच्या काळातलं बघ. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा तिथं भारतातली हजारो मुलं डॉक्टरकी शिकत होती, त्यात आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतली कितीतरी. १ मार्चला खारकीव्हमध्ये किराणा आणायला रांगेत उभा असलेला कर्नाटकातला एक मुलगा गेला. आणि आपल्या फोडणीचं सूर्यफूल तेल महागलं ते का? कारण आपल्याकडचं बहुतेक सूर्यफूल तेल तेव्हा युक्रेन आणि रशियातूनच यायचं. त्यात २८ एप्रिलपासून इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात तीन-चार आठवडे थांबवली. तुझ्या किराण्याच्या यादीत काळा समुद्र आणि जकार्ता दोन्ही होते.

पण युक्रेनचं युद्ध पेटलं त्याच सुमारास तुझ्या दाराशी काय घडलं? मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली. मुंबईचीही संपली. निवडणूक लांबली, प्रकरण न्यायालयात अडकलं आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढे मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षं पाणी, रस्ते, कचरा, हजारो कोटींचं अंदाजपत्रक यावर बोलायला लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस सभागृहात नव्हता. खारकीव्ह कुठं आहे हे तेव्हा आपल्या सगळ्यांना कळलं होतं. आपल्या पाणीपट्टीवर सही कोण करतंय, हे कितीजणींनी शोधलं? महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. ज्या घरात पहिलं पान बाईच्या हाती येत नाही, तिथून निवडून गेलेल्या बाईनं एकदम अंदाजपत्रक वाचावं अशी अपेक्षा आपण करतो. ती सवय आधी घरात लागायला हवी.

तुला वाईट वाटतं, अपराधी वाटतं, हे मी ओळखते. तिकडे युद्धात मुलं ढिगाऱ्याखाली आणि आपण मुलाचा वाढदिवस करतोय, असं तू एकदा म्हणाली होतीस. कर गं वाढदिवस. तुझ्या मुलाचा केक बंद झाल्यानं तिकडे कुणाला भाकरी मिळत नाही. जे वाटतं ते दाबून मात्र टाकू नकोस. मारले गेलेल्यांचा आकडा वाचताना क्षणभर थांबतेस, तेवढं थांबत राहा. ज्या दिवशी तो आकडा बाजारभावासारखा वाचून पुढं जाशील, त्या दिवशी मला तुझी जास्त काळजी वाटेल. आणि 'त्यांची' मुलं, 'आपली' मुलं असा भेद डोळ्यांसमोर येऊ लागला तर तिथं पाय रोव. घरच्या ग्रुपवर कुणी मावशी-काका भडक काही पाठवतील. वितंडवाद घालू नकोस, नातं तोडू नकोस. "मावशी, हे कुठून आलंय?" एवढंच विचार, प्रत्येक वेळी, न चिडता. चार वेळा विचारलंस की पाचव्या वेळी त्या स्वतःच थांबून बघतील. आणि तुझ्या हातून मात्र खात्री नसलेलं काही पुढं जाऊ देऊ नकोस. पहलगामनंतर काश्मिरी विद्यार्थ्यांना आपल्या देशातल्या शहरांतून जो त्रास झाला, त्याला असलेच पुढे ढकललेले मेसेज खतपाणी घालत होते.

तेव्हा आता असं कर. फोनमधल्या बातम्यांच्या सगळ्या सूचना आजच बंद कर आणि रात्री तो दुसऱ्या खोलीत ठेव. पेपर चालू कर, छापील. सकाळी तो आला की सासऱ्यांच्या आधी तू उघड. ते रागावणार नाहीत, आणि रागावलेच तर त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. 'सत्तांतर' मी तुला पोस्टानं पाठवतेय. आणि या रविवारी एक काम कर: तुझ्या प्रभागातून कोण कोण निवडून आलंय, ती नावं शोध आणि त्यांनी यंदा तुमच्या भागासाठी अंदाजपत्रकात काय मागितलंय ते विचार. काय उत्तर मिळतंय ते मला फोन करून सांग. मी वाट बघतेय.